रेमी पुन्हा नापास

१८ सप्टेंबर

रेमी आज तिसऱ्यांदा नापास झाला. या खेपेला तो मुद्दाम नापास झाला, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे.

परीक्षेच्या वेळी मी मागच्या सीटवर असतो आणि मला तोंड उघडायची परवानगी नसते. पुढे रेमी आणि त्याच्या शेजारी परीक्षक, मादाम पेलिसिए. बाईंच्या चेहऱ्यावर कधीच काही दिसत नाही. वीस मिनिटं पोराने अशी गाडी चालवली की मी मनातल्या मनात त्याच्या आईचं, ओदीलचं, सामान माझ्या घरी हलवायला घेतलं. मग नदीकाठच्या रस्त्याने परत येताना उजवीकडच्या बोळातून एक पांढरी गाडी निघाली. उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, हे इथली पोरं चालायला शिकतात तेव्हाच शिकतात. रेमीने उजवीकडे पाहिलं. आरशात मला त्याचे डोळे दिसले. त्याला गाडी दिसली, आणि हा पठ्ठ्या शांतपणे पुढे! मादाम पेलिसिएंनी त्यांच्या बाजूचा ब्रेक करकचून दाबला. परीक्षकाचा पाय ब्रेकवर पडला की परीक्षा तिथेच संपते.

"दिसली नाही तुला?" मी नंतर विचारलं.

"दिसली की," रेमी म्हणाला. "वाटलं, तो थांबेल. माणसाने माणसावर विश्वास ठेवावा, मास्तर."

पंचवीस वर्षांचा घोडा, आणि मला मास्तर म्हणतो. अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टरने माझा रक्तदाब बघून सांगितलंय की घरी एकट्याने भिंतींवर ओरडू नका, लिहून काढा. म्हणून हे लिहितोय. रक्तदाब अजून तरी काही उतरलेला वाटत नाही.

२० सप्टेंबर

आज जरा थंड डोक्याने लिहितो.

फ्रान्सच्या डोंगराळ भागातल्या ओरियाकमध्ये वडिलांनी सुरू केलेली ड्रायव्हिंग शाळा मी चालवतो. वय चोपन्न. घटस्फोट होऊन एक तप झालं. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तिच्या कबरीसाठी फुलं घ्यायला बाजारचौकातल्या दुकानात गेलो, तिथे ओदील होती. नंतर इतक्या वेळा फुलं घ्यायला गेलो की कबरीवर ठेवायला जागा उरली नाही. शेवटी तिनेच विचारलं, "तुम्हाला फुलं हवीत की कॉफी?"

ओदील एकावन्न वर्षांची आहे. मुलगा रेमी लहान असतानाच तिचा नवरा निघून गेला. दुकान खाली, घर वर, आणि घरात रेमी. माझं घर डोंगरात, गावापासून तेरा किलोमीटर. ओदीलने तिथे राहायला यायचं हे ठरलेलंच आहे. फक्त ती म्हणते, "रेमीचं एकदा मार्गी लागू दे, मग बघू." जुन्या रेल्वेच्या एका बोगद्यात चीज पिकवायला ठेवतात, तिथे रेमीला काम मिळतंय आणि वर खोलीही. पण तिकडे बस जात नाही, म्हणून परवाना हवा. म्हणजे रेमीला परवाना मिळाला की तो जाईल, तो गेला की ओदील येईल. आणि परवाना मिळवून द्यायचं काम माझ्याच गळ्यात. देवाला दुसरा कुणी सापडला नाही.

माझ्याकडून सगळी तयारी आहे. कपाटाची अर्धी बाजू मी मार्चपासून रिकामी ठेवलीय. आईची खोली ओदीलसाठी पिवळी रंगवली. पिवळा आवडतो का, हे विचारायचं राहून गेलं, पण फुलवालीला पिवळा नावडेल कसा? शेजारपाजाऱ्यांनाही सांगून ठेवलंय.

२३ सप्टेंबर, रविवार

ओदीलकडे जेवायला. तिने स्विसचार्डची पालेभाजी आणि सुके आलुबुखार घातलेली पाँती, म्हणजे आमच्याकडची मांसाची भाजलेली वडी, केली होती, माझ्या आईसारखी. जेवण सुरेख झालं, चीज येईपर्यंत.

चीजचा तिकोनी तुकडा मधे असला की तो लांबीने कापायचा. त्याचं टोक, म्हणजे सगळ्यात चांगला भाग, एकट्याने उडवायचा नाही, हे या मुलखात कुत्र्यामांजरांनाही कळतं. रेमीने माझ्या डोळ्यांत बघत टोक छाटलं आणि स्वतःच्या ताटलीत ठेवलं.

"रेमी!" ओदील म्हणाली.

"पाहुण्यांनी घ्यावं म्हणून वाट बघत होतो," तो म्हणाला. "पण पाहुण्यांना चीजपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची घाई आहे."

ओदील हसू दाबत होती. मला हसू आलं नाही.

मी कामाचं बोललो. शिकाऊ पोराला घरच्या माणसाला शेजारी बसवून गाडी चालवता येते, कागदपत्रं मी करतो, रोज सकाळी फुलांच्या घाऊक बाजाराला जाताना दुकानाची व्हॅन रेमीला चालवू दे, महिन्याभरात हात बसेल. ओदील उठून ताटल्या गोळा करायला लागली.

"व्हॅनचा क्लच नाजूक आहे, फाब्रिस."

"क्लच मी बदलून देतो."

"आणि विमा..."

"विम्याशी मी बोलतो."

"सगळं तूच करतोस रे," ती म्हणाली आणि आत गेली. किती समजूतदार आहे! मुलाला धोक्यात घालायचं नाही आणि माझ्यावर भारही टाकायचा नाही. रेमी टोक चघळत माझ्याकडे बघत होता. त्या पोराच्या तोंडावर असं काहीतरी असतं की आपल्या शर्टाला डाग पडलाय आणि आपल्यालाच दिसत नाही असं वाटतं.

२ ऑक्टोबर

धडा. पाऊस, धुकं, घाटातली वळणं. रेमीने गाडी लोण्यासारखी चालवली. मी ठरवून काही बोललो नाही, तर तोच बोलायला लागला.

"मास्तर, तुमच्या आधीच्यांबद्दल आईने सांगितलंय का?"

"मला ऐकायचं नाही. तिसऱ्यात टाक."

"तिसऱ्यातच आहे. एक दातांचा डॉक्टर होता. चांगला माणूस. तेव्हा माझी बारावी होती. आई त्याला म्हणाली, रेमीची बारावी होऊ दे, मग बघू. त्याच्या आधी सायकलच्या दुकानवाला. तेव्हा मला दमा होता."

"तुला दमा आहे?"

"नव्हताच. खोकला होता."

मी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि त्याला स्वच्छ सांगितलं, आईच्या खाजगी गोष्टी अशा चव्हाट्यावर मांडणारा मुलगा मी पाहिला नाही. दोन भल्या माणसांना तुझ्यापायी हाकलावं लागलं आणि वर तू मिरवतोस?

रेमीने कपाळाला हात लावला. देवाचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटला आणि इंडिकेटर देऊन, आरसा बघून, मान वळवून, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी गाडी परत रस्त्यावर घेतली. म्हणजे सगळं येतं! सगळं येतं आणि करायचं नाही. हात टेकले मी या मुलापुढे.

११ ऑक्टोबर

परीक्षेच्या तारखा मिळवायच्या म्हणजे नाकी नऊ येतात. पोरं शंभर, जागा दहा. तरी जोसियानबाईंनी फोन करकरून रेमीसाठी सहा नोव्हेंबरची जागा मिळवली. जोसियानबाई वडिलांच्या काळापासून आमच्या कचेरीत आहेत आणि शाळा खरं तर त्याच चालवतात, असं त्या प्रत्येकाला सांगतात.

मी उड्या मारत ओदीलला सांगायला गेलो. तिने आनंदाने माझा गाल धरला. मग कॅलेंडरकडे बघितलं.

"सहा म्हणजे मृतांच्या सणाच्या लगेच नंतर. त्या आठवड्यात आम्ही दोघं मेलेले असतो रे. इतकी शेवंती विकायची, इतक्या कुंड्या वाहायच्या... त्याला झोपही मिळायची नाही. पुढची तारीख घे ना."

"पुढची डिसेंबरात."

"मग डिसेंबर. नाताळाच्या आधी नको मात्र, दुकानात गर्दी असते."

"ओदील, नाताळ डिसेंबरातच असतो."

"बघ तूच काय ते," ती म्हणाली आणि मला गुलाबांचा गुच्छ दिला.

कचेरीत परतलो तर जोसियानबाई चष्म्यावरून बघत होत्या. "काय रे, गुलाब घेऊन आलास म्हणजे तारीख गेली वाटतं. तुझ्या फुलवालीला काही घाई दिसत नाही."

मी त्यांना म्हटलं, आईचं काळीज असतं, तुम्हाला मुलं नाहीत, तुम्हाला कळायचं नाही. फार लागेल असं बोललो. संध्याकाळी त्या निरोप न घेता गेल्या. एकूण, या पोरापायी मी चांगल्या माणसांशीही वाईट वागायला लागलोय.

१ नोव्हेंबर

मृतांचा सण. सगळा गाव कबरस्तानात. मीही सकाळी आईला भेटून आलो. अकराच्या सुमाराला कचेरीत जातो तो काय, टेबलावर शेवंतीची भलीमोठी कुंडी! जांभळी, गच्च भरलेली, वर रिबिनीची गाठ. जोसियानबाई खुर्चीत मागे रेलून डोळे पुसत होत्या, हसून हसून.

"रेमी देऊन गेला. म्हणाला, मास्तरांना माझ्याकडून."

शेवंती! जिवंत माणसाला! इथे ती मेलेल्याखेरीज कुणाला देतात का? मी तसाच कुंडी उचलून चौकात गेलो. दुकानासमोर रांग लागलेली, ओदीलचे हात मनगटापर्यंत मातीत, आणि रेमी म्हाताऱ्या बायकांच्या गाड्यांत कुंड्या चढवतोय.

"हे काय आहे?" मी ओरडलो.

"शेवंती," तो म्हणाला. "दुकानात आज दुसरं काही नाही, मास्तर. गुलाब असते तर गुलाब दिले असते."

"तू माझी थट्टा करतोस?"

"दोन वर्षं झाली, तुम्ही त्याच टेबलापाशी बसून वाट बघताय. म्हटलं, काहीतरी ठेवावं."

रांगेतल्या बायका हसल्या. ओदील एका गिऱ्हाइकाला सुट्टे मोजून देत राहिली आणि कानापर्यंत लाल झाली. आपल्या मुलाची लाज वाटली असणार तिला. मी कुंडी आईच्या कबरीवर नेऊन ठेवली. आता तिथे खरंच जागा नाही.

९ नोव्हेंबर

ओदीलशी भांडण. लिहायला नको वाटतं, पण लिहितो.

ती माझ्या घरी आली होती. मी तिला न्हाणीघरात तिच्यासाठी बसवलेली फळी दाखवली, पडदे दाखवले, व्हॅन उभी करायला अंगणात खडी टाकून घेतली ती दाखवली. ती प्रत्येक गोष्टीला "छान आहे" म्हणत होती. पिवळ्या खोलीत जरा वेळ उभी राहिली. "इथे तुझी आई झोपायची ना?" म्हणाली. मी म्हटलं, हो, खोलीला सकाळचं ऊन मिळतं. मग मी विचारलं, "कधी येतेस?"

"रेमीचं होऊ दे."

"ते झालं की कधी? नाताळ? नवीन वर्ष? मला काहीतरी तारीख दे."

"तारीख, तारीख! मी तुझी विद्यार्थिनी आहे का?"

"पण विचारायचंच नाही का माणसाने?"

"विचार ना," ती म्हणाली. "विचार की!" आणि माझ्याकडे अशी बघत उभी राहिली, जणू माझ्या तोंडून आणखी काहीतरी निघायची वाट बघतेय. मी विचारलंच होतं, आणखी काय विचारणार? मी पुन्हा म्हटलं, "मग, कधी?"

तिने कोट घातला आणि निघाली. फाटकातून व्हॅन मागे घेताना मी हातवारे करून दिशा दाखवत होतो, तर काच खाली करून म्हणाली, "फाब्रिस, मला गाडी मागे घेता येते."

वर रेमीचा राग, खाली ओदीलचा. मी मधल्यामधे चेपतोय. घरात एवढी तयारी करून ठेवली आणि कौतुकाचा एक शब्द नाही. मला वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं.

२० नोव्हेंबर

आज माझा तोल गेला. अनायासे रेमीच्या धड्यातच गेला.

एका उजव्या बोळापाशी त्याने पुन्हा तेच केलं. बोळातून ट्रॅक्टर येत असताना हा पुढे. मी ब्रेक दाबला, गाडी बंद पाडली, आणि मग जे सुटलो ते सुटलोच. म्हटलं, मी तुझं काय घोडं मारलंय? मी तुझा बाप व्हायला आलेलो नाही. माझ्यावर प्रेम कर असंही म्हणत नाही. चोपन्न वर्षांचा आहे मी, माझ्याकडे वाया घालवायला वर्षं उरलेली नाहीत, आणि तू मुद्दाम, मुद्दाम...

बोळातून ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. रेमी सरळ समोर बघत होता.

"मी पास झालो, गेलो, आणि आई तरीही नाही आली तर?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"मी नसलो आणि तरीही ती नाही आली. तर तुम्ही काय कराल? दातांच्या डॉक्टरने दुसरीशी लग्न केलं. सायकलवाला तूलूझला गेला."

मी एवढा चिडलेलो होतो की विचार करायला सवड नव्हती. "काय करणार? दर रविवारी जेवायला येत राहीन. तू चीजचं टोक छाटशील, मी बघत बसेन. तू बोगद्यात गेलास तर मी आणि ती दोघं जेवू. दुसरं काय करायचं? मला दुसरं काही करायचंच नाहीये!"

त्याने गाडी सुरू केली आणि शाळेपर्यंत आणली. दोन गाड्यांच्या मधे, एका झटक्यात, सुंदर उभी केली. उतरताना "येतो" म्हणाला, मास्तर न म्हणता. रुसला असावा. रुसू दे.

३ डिसेंबर

उद्या परीक्षा. ओदीलला मी नाताळाचं सगळं समजावून ही तारीख घ्यायला लावली, आणि आज दुपारी तिचा फोन. तिला ताप आहे. उद्या दुकान रेमीलाच बघावं लागेल. परीक्षा पुढे ढकलता येईल का?

तोंडचं पाणी पळालं. मी सूप घेऊन धावत गेलो. ओदील पलंगावर, आणि पांघरुणावर रेमीचे लहानपणीचे फोटो पसरलेले. पहिला दात पडलेला रेमी, बर्फातला रेमी. कपाळाला हात लावला तर गार.

"ताप उतरला वाटतं," मी म्हटलं.

"येतो जातो," ती म्हणाली.

दारात रेमी उभा होता. "दर परीक्षेच्या आदल्या दिवशी फोटो बाहेर निघतात," तो म्हणाला. "दुसऱ्या वेळी तर व्हिडिओ पण."

"हळवी आहे ती," मी म्हटलं. "तुला किंमत नाही."

रेमीने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "उद्या दुकान बंद ठेव, आई," तो म्हणाला. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, त्यामुळे मलाच कसंतरी झालं. ओदील भिंतीकडे तोंड करून झोपली.

४ डिसेंबर

बर्फ. वाटलं होतं तो येणारच नाही, पण शाळेच्या दारात माझ्या आधी हजर.

मादाम पेलिसिएंनी आज त्याला गावातल्या सगळ्या अरुंद गल्ल्या दाखवल्या. प्रत्येक उजव्या बोळापाशी रेमी सावकाश झाला, मान वळवून पाहिलं, वाट दिली. एका म्हातारीला दिली, एका दुधाच्या गाडीला दिली. एका जागी कुणीच नव्हतं तरी इतका वेळ बघत राहिला की मी मागे घामाघूम. परत आल्यावर मादाम पेलिसिए म्हणाल्या, "नमस्कार, महाशय," आणि गेल्या. त्या एवढंच म्हणतात, सगळ्यांना.

रेमी गाडीतच बसून राहिला.

"पहिल्या वेळी मी खरंच घाबरलो होतो," तो म्हणाला. "पुढच्या दोन वेळा नव्हतो."

"मला माहीत आहे. माझ्यावर राग होता."

"तुमच्यावर?" तो हसला. पहिल्यांदाच वेडंवाकडं न हसता. "मास्तर, तुम्हाला रस्त्यावरचं सगळं दिसतं हो. बाकी कमाल आहे तुमची." मग उतरून, कॉलर वर करून, चौकाकडे चालत गेला.

काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक. या पिढीला सरळ बोलायला काय होतं?

६ डिसेंबर

पास! एकतीसपैकी अठ्ठावीस! जोसियानबाईंनी मला मिठी मारली, मी त्यांची माफी मागितली, त्या म्हणाल्या, "कशाबद्दल? बरंच काही आहे."

ओदीलला फोन केला. तिने गुण पुन्हा सांगायला लावले. मग म्हणाली, "छान झालं," आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला. मागे गिऱ्हाइकाचा आवाज येत नव्हता.

आज मला झोप लागणार नाही. आनंदाने, असं लिहिणार होतो.

९ डिसेंबर, रविवार

सावकाश लिहितो, नाहीतर काहीतरी राहील.

दुपारी बाराच्या सुमाराला अंगणात व्हॅन आली. रेमी चालवत होता, मागच्या काचेवर नवशिक्याची लाल खूण. शेजारी ओदील. मागे खोकी. मी बटाटे आणि चीजची त्रुफाद गॅसवर ठेवून बाहेर धावलो. रेमी उतरला. ओदील उतरली नाही.

"मी तिला आणलंय," रेमी म्हणाला. "परवा मी बोगद्यावर जातोय. खोकी तिने स्वतः भरली, मी हातही लावला नाही. पण फाटक दिसल्यापासून बोलत नाहीये. आता तुमचं तुम्ही बघा. मला भूक लागलीय." आणि घरात गेला.

मी स्टिअरिंगच्या बाजूला जाऊन बसलो. ओदीलच्या मांडीवर एक छोटं खोकं होतं, ते तिने दोन्ही हातांनी धरलं होतं. मला वाटलं मुलाची आठवण येतेय. म्हटलं, "तो काही लांब जात नाहीये. दर रविवारी येईल."

"रेमीचं नाहीये हे," ती म्हणाली. "रेमीचं कधीच नव्हतं. डॉक्टरच्या वेळी नव्हतं, आत्ताही नाही. त्या पोराने माझ्यासाठी दोनदा परीक्षा घालवली, फाब्रिस. मी रडले म्हणून. आणि तू त्याच्यावर ओरडत राहिलास, आणि मी तुला ओरडू दिलं."

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. शेवंती, फोटो, गार कपाळ, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. हे सगळं मी माझ्याच हाताने लिहून ठेवलं होतं.

"मग माझ्यात काय वाईट आहे?" मी विचारलं.

"काही नाही! पडदे लावलेस, फळी लावलीस, खडी टाकलीस, तुझ्या आईच्या खोलीला पिवळा रंग दिलास. गावात सांगून टाकलंस. मला विचारलंस फक्त कधी. कधी, कधी, कधी. येशील का, असं एकदाही विचारलं नाहीस. एकदाही. रेमीचा बाप मला असंच सगळं ठरवून देऊन, मग ठरवूनच सोडून गेला. मला भीती वाटते रे."

खिडकीत रेमी दिसला, चमचा तोंडात, आमच्याकडे बघत. आम्ही त्याला पाहिलं हे कळल्यावर पडदा ओढून घेतला, माझ्या नव्या पडद्यांपैकी एक.

"ओदील," मी म्हटलं, "येशील का?"

इतका सोपा शब्द, आणि म्हणताना मलाही भीती वाटली. कारण आता ती नाही म्हणू शकत होती. आजपर्यंत तिला ती सोय मी ठेवलीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

"उतर," ती म्हणाली.

मी उतरलो. ती सरकून माझ्या जागेवर बसली, दार ओढलं, गाडी मागे घेतली आणि फाटकातून बाहेर, खोकी घेऊन, डोंगराच्या रस्त्याने निघून गेली. मी हातवारे केले नाहीत.

आत आलो तर रेमीने टेबल मांडलं होतं, तिघांचं. "गेली?" त्याने विचारलं.

"गेली."

"बसा. थंड होतंय."

"तुझ्या घशाखाली कसं उतरतं रे?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, ती नाही आली तरी रविवारी जेवाल म्हणून? मी त्याच भरवशावर परवाना काढलाय, मास्तर. आता जेवा."

मी बसलो. त्याने माझ्या ताटलीत वाढलं, कडेचा खरपूस भाग वाढला. मी रेमीला म्हणणार होतो की मला माफ कर, पण तोंडात बटाटा होता आणि डोळ्यांत पाणी, तेव्हा नुसतीच मान हलवली. त्यानेही हलवली. दोन पुरुष, एक पातेलं, आणि बाहेर बर्फ पडायला लागलेलं.

बऱ्याच वेळाने फाटकाशी गाडीचा आवाज आला. ओदील आत आली, कोटावर बर्फ, काखेत दोन लांब पाव. टेबलाकडे बघून थांबली.

"पाव कुठाय? पावाशिवाय जेवताय तुम्ही? वरच्या गावातली बेकरी बंद होत होती, मी शटरखालून हात घातला."

आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे उभे राहिलो. ती बसली, पाव मोडला, आम्हाला दिला, स्वतः घेतला, चांगली दोनदा वाढून घेऊन जेवली. मग हात पुसत म्हणाली, "रेमी, गाडीतलं एक खोकं आत आण. एकच. छोटं."

त्याने आणलं. तिने ते पिवळ्या खोलीत नेलं नाही, स्वयंपाकघरात खिडकीखाली ठेवलं. बाकीची खोकी व्हॅनमधेच आहेत. ती कधी आत येणार, हे मी विचारलं नाही.